श्रीकाराचे अंकरूप

मंगलपत्रिकेच्या शिरोभागी आपण जो 'श्री' लिहितो, तो डोळ्यांना एकच अक्षर दिसतो. संगणकाच्या दप्तरी मात्र त्याच्या चार नोंदी होतात: श, हलन्ताचे चिन्ह, र आणि दीर्घ ईकार.

अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतात अवघी १२८ स्थाने होती. त्यांत देवनागरीस जागा कोठून मिळावी? १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने इस्की हा देशी संकेत मान्य केला, आणि त्याच वर्षी जगातील लिप्यांसाठी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली असल्याने आपला वर्णक्रम तेथे अभंग राहिला. कवर्गाची पाच अक्षरे ०९१५ पासून ०९१९ पर्यंत ओळीने बसली आहेत. ही मोजणी सोळाच्या पटीची असून ९ पुढे ए ते एफ ही रोमन अक्षरे अंकांचे काम करतात.

क्रमांक ठरले, तरी वाट मोकळी नव्हती. कित्येक जुन्या आज्ञावल्या आस्कीपलीकडचे अक्षर आले की ते गाळीत, नाही तर त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवीत. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या जावा या संगणकभाषेत यावर तोड होती. अक्षराऐवजी त्याचा क्रमांकच लिहावा: आधी उलटी तिरपी रेघ, मग रोमन यू, मग चार स्थानांचा क्रमांक. त्याप्रमाणे 'श्री' म्हणजे ०९३६, ०९४डी, ०९३०, ०९४०. प्रत्येकामागची दोन चिन्हे धरून एकूण २४.

रूप कुरूप खरे. परंतु त्याच काळात आपल्याकडे निरनिराळ्या खाजगी फॉन्टांत बांधलेला देखणा मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन पडे. अंकरूपातून मूळ अक्षर जसेच्या तसे परत मिळते. आपल्या कटपयादी पद्धतीतही हे साधत नाही: तेथे शब्दावरून संख्या निघते, पण एका अंकास अनेक अक्षरे असल्याने संख्येवरून शब्द निश्चित होत नाही. येथे प्रत्येक क्रमांकाचा धनी एकच.

हे रूपांतर करणारे एक स्वतंत्र साधन जावाच्या संचात असे. २०१७ सालच्या नवव्या आवृत्तीने मजकुराच्या फायलींतील देवनागरी थेट वाचण्याची सोय केली व ते साधन वगळले. संगणकांच्या आपसांतील देवघेवीत मात्र आपला 'श्री' अजूनही कधी कधी त्या २४ चिन्हांच्या वेषात प्रवास करतो.