नालंदेच्या वाटेवरचे सोबती

शालेय पाठ्यपुस्तकांपासून विद्यापीठीय ग्रंथांपर्यंत फाहियान, ह्युएनत्संग आणि इत्सिंग या तिघांची ओळख 'चिनी प्रवासी' अशी करून दिली जाते. एखाद्या विहाराचे अवशेष ओळखावयाचे असले, एखाद्या राजाचा काळ ठरवावयाचा असला की त्यांची साक्ष काढली जाते. ते भिक्खू होते, आपल्या शास्त्याच्या भूमीस वंदन करण्यासाठी आणि विनय शिकण्यासाठी आले होते, हे मात्र एका वाक्यात उरकले जाते. 'चिनी' या विशेषणाविषयीही आमची तक्रार आहे. त्या वाटेने येणाऱ्यांत सिल्ला म्हणजे आजच्या कोरियातील, आजच्या व्हिएतनाममधील, समरकंदमधील आणि तुखार देशातील भिक्खूही होते. ते एकमेकांच्या सोबतीने चालले, आजारी पडले, लुटले गेले, आणि त्यांतील बहुतेक मायदेशी परतले नाहीत.

हे आपणांस कळते ते इत्सिंग यांच्यामुळे. भारतातील भिक्खूजीवनाविषयीचा त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध आहे. त्यांचा दुसरा ग्रंथ म्हणजे धम्माच्या शोधार्थ पश्चिमेकडे गेलेल्या ५६ भिक्खूंची चरित्रे. परतीच्या वाटेवर सुमात्रातील श्रीविजय येथे राहून त्यांनी तो इ. स. ६९१ मध्ये लिहिला आणि पुढील वर्षी एका भिक्खूच्या हाती चीनला पाठविला. शावान यांनी १८९४ मध्ये त्याचे फ्रेंच आणि लतिका लाहिरी यांनी १९८६ मध्ये इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. मराठी अभ्यासकांचे त्याकडे जावे तेवढे लक्ष गेलेले नाही. काही चरित्रे जेमतेम चार ओळींची आहेत. सिल्लाच्या दोन भिक्खूंची तर नावेही इत्सिंग यांना मिळाली नाहीत. सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत येऊन ते आजाराने वारले, एवढेच ठाऊक होते. तेवढेही त्यांनी लिहून ठेवले.

इत्सिंग स्वतः ६७१ मध्ये कँटनहून जहाजाने निघाले. बरोबर येण्याचे ठरविलेले स्नेही एकेक करून गळाले. कोणाची आई वृद्ध होती, कोणाचे मन बदलले. शेवटी शानशिंग नावाचा एक तरुण शिष्य तेवढा सोबत आला, आणि तोही श्रीविजयपर्यंत पोहोचून आजारामुळे माघारी वळला. ६७३ मध्ये इत्सिंग ताम्रलिप्तीस, म्हणजे आजच्या बंगालमधील तामलुकला उतरले तेव्हा मायदेशचा एकही सोबती उरला नव्हता. तेथे त्यांना महायानप्रदीप भेटले.

महायानप्रदीप हे आजच्या व्हिएतनामच्या उत्तर भागातील ऐचाउ प्रांताचे. लहानपणी आईवडिलांबरोबर जहाजाने ते द्वारावतीस, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये गेले आणि तेथे त्यांनी प्रव्रज्या घेतली. पुढे एका राजदूताच्या मागोमाग ते चीनच्या राजधानीस पोहोचले. उपसंपदा त्यांना तेथे ह्युएनत्संग यांच्याकडून मिळाली. नंतर सिंहलद्वीपात जाऊन त्यांनी दन्तधातूचे वंदन केले. दक्षिण भारतातून ताम्रलिप्तीकडे येताना नदीच्या मुखाशी लुटारूंनी जहाज फोडले आणि केवळ देहानिशी ते वाचले. त्याच बंदरात ते बारा वर्षे राहिले व संस्कृतात पारंगत झाले. एवढ्या देशांचे पाणी प्यालेल्या या माणसाचा देश कोणता, असे कोणी विचारल्यास काय सांगावे? इत्सिंग त्यांच्यापाशी सुमारे वर्षभर राहिले, संस्कृत शिकले, आणि मग दोघे मगधाकडे पायी निघाले.

तामलुकपासून नालंदा सरळ रेषेत मोजले तरी सुमारे ४०० किलोमीटर भरते. वाट डोंगर, अरण्य आणि दलदलीची. एकट्याने जाणे अशक्य. म्हणून शेकडो व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर आणि नालंदेच्या सुमारे वीस भिक्खूंबरोबर ते चालू लागले. महाबोधी दहा दिवसांवर असता इत्सिंग आजारी पडले. पाच ली, म्हणजे जेमतेम दोन-अडीच किलोमीटर चालावयाचे तर शंभरदा बसावे लागे. तांडा पुढे गेला, नालंदेचे भिक्खू गेले, महायानप्रदीपही गेले. इत्सिंग एकटे मागे राहिले. दिवस कलताना धनुष्ये ताणून, आरडाओरडा करीत लुटारू आले. त्यांनी अंगावरचे वरचे वस्त्र ओढले, खालचे ओढले, कमरेची दोरीदेखील नेली. गोऱ्या वर्णाचा मनुष्य सापडल्यास या देशी त्याचा देवतेपुढे बळी देतात, असे इत्सिंग यांच्या कानावर होते. त्यांनी चिखलात शिरून सर्वांग माखून घेतले, पाने अंगाभोवती गुंडाळली आणि काठी टेकीत ते पुढे निघाले. ज्या मगधात भगवंतांनी कूटदन्त ब्राह्मणास पशुबळीच्या यज्ञापासून परावृत्त केले, त्याच मगधाच्या वाटेवर हजाराहून अधिक वर्षांनी एका भिक्खूस ही भीती बाळगावी लागली, याची नोंद आपल्या इतिहासकारांनी घ्यावयास हवी.

रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी त्यांना एक हाक ऐकू आली. गावाबाहेर उभे राहून महायानप्रदीप मोठ्याने त्यांना साद घालीत होते. भेट होताच त्यांनी इत्सिंग यांना वस्त्र दिले. इत्सिंग यांनी तळ्यात अंग धुतले आणि मग ते गावात शिरले.

महावग्गात आजारी भिक्खूची कथा आहे. कोणी न विचारलेल्या त्या भिक्खूस भगवंतांनी आनंदासह स्वतः स्नान घातले, आणि आपली सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी असे संघास सांगितले. त्या कसोटीवर वीस भिक्खूंचे पुढे निघून जाणे उणेच ठरते. तांडा कोणासाठी थांबत नाही आणि तांडा सोडणे म्हणजे सर्वांनी मरण ओढवून घेणे, हेही खरे. विनयाचे एवढे काटेकोर अभ्यासक असलेले इत्सिंग सोबत्यांना बोल लावीत नाहीत. त्यांना ती हाक आठवते.

परक्या देशाच्या भिक्खूस विहारात काय मिळत असे, हेही त्यांच्या लेखनात आहे. कोणी आगंतुक आला की निवासी भिक्खू 'स्वागत' म्हणून सामोरा जाई, त्याचे पात्र-चीवर हाती घेई, आणि त्याला किती वर्षावास झाले याची विचारपूस होई. ज्येष्ठता त्यावरून ठरे; कुल, वर्ण वा राज्य यांवरून नव्हे. तरी व्यवहाराच्या अडचणी होत्याच. महाबोधीपाशी सिंहलांचा विहार होता, कपिशेचा होता, इतर देशांचेही होते. त्या देशांच्या भिक्खूंना उतरण्याची सोय होती. चीनचा मात्र एकही उरला नसल्याने आपल्या लोकांचे हाल होतात, अशी इत्सिंग यांची खंत आहे. ती आम्हांस अगदी आजची वाटते.

या ग्रंथातील दोन प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. नालंदेत चिनी ग्रंथ तपासताना इत्सिंग यांना एका पोथीखाली टीप आढळली: सिल्लाच्या भिक्खू ह्वेओपने दन्तकाष्ठाच्या वृक्षाखाली ही लिहिली. चौकशी केली तेव्हा साठीच्या सुमारास ते तेथेच वारल्याचे कळले. दुसरा प्रसंग समरकंदच्या संघवर्म यांचा. बुद्धगयेस वज्रासनापाशी त्यांनी सात दिवस-रात्र दीप तेवत ठेवले होते. पुढे औषधी गोळा करण्यासाठी त्यांना आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये पाठविण्यात आले. तेथे दुष्काळ पडला होता. ते रोज अन्न शिजवून अनाथांना वाढीत आणि वाढताना रडत. लोक त्यांना सदा रडणारा बोधिसत्त्व म्हणू लागले. तेथेच त्यांचा अंत झाला.

इत्सिंग सुमारे दहा वर्षे नालंदेस राहिले आणि ६९५ मध्ये जवळजवळ ४०० ग्रंथ घेऊन लोयांगला परतले. महायानप्रदीप परतले नाहीत. दाओशी नावाच्या जुन्या सहाध्यायाची खोली त्यांनी पाहिली, तेव्हा तो वारलेला होता. पोथ्या तेवढ्या मांडलेल्या होत्या. चीनला जाऊन धम्म सांगण्याची इच्छा वार्धक्यामुळे अपुरी राहिली, आणि साठी उलटल्यावर कुशीनगरच्या परिनिर्वाण विहारात त्यांनी देह ठेवला.

तो विहार पुढे ओस पडून मातीखाली गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी कसिया येथील उत्खननात 'महापरिनिर्वाण' विहाराच्या भिक्खुसंघाच्या मुद्रा सापडल्या आणि स्थान निश्चित झाले. त्याच्या आधीच, १८९० नंतरच्या दशकात, सिंहलद्वीपात उपसंपदा घेतलेले भारतीय भिक्खू महावीर कुशीनगरास येऊन राहिले होते. त्यांच्यापाशी अराकानहून आलेला एक तरुण राहू लागला. तेच भदन्त चंद्रमणी महास्थवीर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बोधिसत्त्व बाबासाहेबांना त्यांनी त्रिशरण-पंचशील दिले. आणि दीक्षाविधी आटोपल्यावर ते परतले ते कुशीनगरलाच. १९७२ मध्ये तेथेच त्यांचे निर्वाण झाले.