पौषातला मोगरा आणि तारखांची वही



यंदा पौष आला तरी जाड गोधड्या ट्रंकेतच राहिल्या. आमच्या गटातल्या एकीच्या परसात मोगऱ्याला आताच कळ्या धरल्या. दुसरीच्या अंगणात दसऱ्याचा झेंडू अजून फुलतोच आहे. "पूर्वी असं नव्हतं बाई," असं आम्ही सगळ्याच म्हणालो. पण पूर्वी म्हणजे नेमकं कधी? ते मात्र कुणालाच सांगता येईना. म्हणून आज, ज्यांनी अशा गोष्टी लिहून ठेवल्या त्यांचा इतिहास सांगतो.

इंग्लंडात नॉरफक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाचे एक जमीनदार होते. १७३६ पासून ते तारखा टिपू लागले. स्नोड्रॉपचं पहिलं फूल कधी उमललं, ओकला पालवी कधी फुटली, पाकोळ्या कधी परतल्या. १७८९ साली रॉयल सोसायटीनं त्यांच्या नोंदी छापल्या. पुढं त्यांच्या घराण्यानं ही वही १९५८ पर्यंत चालवली.

सरे परगण्यातल्या जीन कोम्ब्ज या बाई काही शास्त्रज्ञ नव्हत्या. तरी १९४७ पासून त्यांनी दरवर्षी झाडांच्या पालवीची तारीख लिहिली. ओकला आता पूर्वीपेक्षा लवकर पालवी फुटते, हे सांगायला त्यांची वही अभ्यासकांच्या कामी आली. २००८ साली त्यांना सरकारी सन्मानही मिळाला.

मग आला २०१५ चा डिसेंबर. मध्य इंग्लंडात तापमानाच्या नोंदी १६५९ पासून आहेत. त्यांतला हा सर्वांत उबदार डिसेंबर, सरासरी ९.७ अंशांचा. ब्रिटन आणि आयर्लंडातल्या वनस्पतीप्रेमींनी नव्या वर्षाच्या सुरुवातीला रस्ते, पडीक जागा धुंडाळल्या, तेव्हा ६१२ जातींची झाडं फुललेली सापडली! लोकांना वाटलं, वसंत लवकर आला. पण जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं, तर त्यांतली बहुतेक फुलं शरदातलीच निघाली. कडाक्याची थंडी पडली नाही, म्हणून ती थांबलीच नव्हती. लवकर आलेली फुलं थोडीच होती.

आपल्याकडेही हाच फरक आहे, बरं का. झेंडू थांबला नाही आणि मोगरा लवकर आला, या दोन वेगळ्या गोष्टी. अवेळी आलेल्या कळीला मागून कडाका गाठू शकतो. फुलं विकून घर चालवणाऱ्या बाईला तर हे कळायलाच हवं. आणि ते नुसत्या आठवणीनं कळत नाही, त्याला तारीख लागते.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर आपण दुधाचे खाडे लिहितो, सिलिंडर कधी लावला ते लिहितो. त्याच चौकोनात एवढंच लिहू या: "मोगरा, पहिली कळी." आणि वर्ष सरलं की ते कॅलेंडर रद्दीत घालायचं नाही. उद्या आपली नात "पूर्वी म्हणजे कधी?" असं विचारेल, तेव्हा तिला दाखवायला तारीख असेल.