माया मूर : बास्केटबॉलच्या मैदानापासून न्यायालयापर्यंत

खेळाडू आणि सामाजिक न्याय यांचा इतिहास अभ्यासताना आपल्यासमोर प्रथम निषेधाची चित्रे येतात. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदक स्वीकारताना मुठी उंचावल्या. २०१६ मध्ये कॉलिन कॅपरनिकने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला. अमेरिकी बास्केटबॉलपटू माया मूर याच परंपरेतली. मात्र तिचा मार्ग वेगळा होता. तिने एका कैद्याच्या खटल्यासाठी खेळ सोडला.

आधी तिने काय सोडले ते पाहू. १९८९ मध्ये मिसुरी राज्यातील जेफरसन सिटी येथे जन्मलेली मूर २०११ मध्ये मिनेसोटा लिंक्स या व्यावसायिक संघात आली. २०११, २०१३, २०१५ आणि २०१७ अशी चार अजिंक्यपदे संघाने तिच्या काळात मिळवली. २०१४ मध्ये ती स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरली. लंडन (२०१२) आणि रिओ (२०१६) ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदके जिंकली. फेब्रुवारी २०१९ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, तिने त्या हंगामात खेळणार नसल्याचे जाहीर केले.

आता खटल्याकडे वळू. जानेवारी १९९७ मध्ये मिसुरीतील ओफॅलन येथे एका घरात घरफोडी झाली आणि घरमालक गोळीबारात जखमी झाला. या प्रकरणात जोनाथन आयर्न्स या १६ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला अटक झाली. त्याला प्रौढ आरोपी मानून खटला चालवला गेला. १९९८ मध्ये केवळ गोऱ्या सदस्यांच्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवले आणि त्याला ५० वर्षांची शिक्षा झाली. त्याला घटनास्थळाशी जोडणारे बोटांचे ठसे, रक्त किंवा डीएनए यांपैकी काहीही नव्हते. त्याने पोलिसांपुढे कबुली दिल्याचा दावा झाला. पण त्या चौकशीचे ध्वनिमुद्रण नव्हते आणि आयर्न्सने तो दावा नाकारला.

मूरच्या कुटुंबातील मंडळींची आयर्न्सशी ओळख तुरुंगातील सेवाकार्यातून झाली. ती स्वतः २००७ मध्ये, कनेक्टिकट विद्यापीठात जाण्यापूर्वी, त्याला भेटली. जुलै २०१६ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात झालेल्या मृत्यूंनंतर लिंक्सच्या खेळाडूंनी न्यायाची मागणी करणारे काळे शर्ट घातले. तेव्हा सामन्याच्या बंदोबस्तावर असलेले चार पोलीस काम सोडून निघून गेले. त्याच सुमारास मूर आयर्न्सच्या खटल्याविषयी उघडपणे बोलू लागली. पुढे तिने आपली कीर्ती, वेळ आणि पैसा त्यामागे लावला.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आयर्न्स मूरच्या लोकप्रियतेमुळे निर्दोष ठरला नाही. त्याच्या वतीने हेबिअस कॉर्पस, म्हणजे देहोपस्थितीचा अर्ज करण्यात आला होता. आपल्या संविधानातील अनुच्छेद ३२ आणि २२६ यांमुळे ही संकल्पना तुम्हाला परिचित असेल. घरातील दारावर सापडलेला एक ठसा आयर्न्सचाही नव्हता आणि घरमालकाचाही नव्हता; त्याचा अहवाल बचाव पक्षाला दिलाच गेला नव्हता. आरोपीच्या बाजूचा पुरावा सरकारी पक्षाने दडवू नये, हे तत्त्व अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये ‘ब्रॅडी विरुद्ध मेरीलँड’ या खटल्यात घालून दिले होते. ९ मार्च २०२० रोजी न्यायाधीश डॅनियल ग्रीन यांनी दोषसिद्धी रद्द केली. राज्याची पुढची आव्हाने टिकली नाहीत. फेरखटला चालवायचा नाही असे ठरले आणि १ जुलै २०२० रोजी आयर्न्स तुरुंगाबाहेर आला. तेव्हा त्याने २३ वर्षे कोठडीत काढली होती.

त्याच वर्षी दोघांचा विवाह झाला. मूर पुन्हा मैदानात उतरली नाही. जानेवारी २०२३ मध्ये तिने अधिकृत निवृत्ती घेतली. ‘विन विथ जस्टिस’ या मोहिमेतून तिने सरकारी वकिलांच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न मांडला. ज्यूरीसमोर कोणता पुरावा ठेवायचा, कोणते आरोप लावायचे, हे निर्णय त्यांच्या हाती असतात आणि अमेरिकेत यांतील बहुतेक स्थानिक पदे मतदानाने भरली जातात. म्हणून हा प्रश्न मतदारांचाही ठरतो.

ज्या ठशाने आयर्न्सची सुटका झाली, तो १९९८ च्या खटल्याच्या वेळीही नोंदवलेला होता. तो न्यायालयासमोर येण्यास दोन दशके लागली. ज्या कैद्याच्या मागे अशी खेळाडू उभी नाही, त्याच्या फाइलमधील असा कागद कोण शोधणार? कायदेशीर साहाय्याची व्यवस्था अभ्यासताना हा प्रश्न समोर ठेवा.