रेमो फर्नांडिस : शिवोलीचा स्वयंभू गायक-गीतकार

भारतीय पॉप संगीतात रेमो फर्नांडिस यांचे स्थान वेगळे आहे. गीत स्वतः लिहायचे, चाल स्वतः बांधायची आणि ते आपल्याच आवाजात श्रोत्यांपुढे ठेवायचे, ही रीत आपल्या शाहिरांना नवी नव्हती. परंतु कॅसेटच्या बाजारपेठेवर चित्रपटगीतांचे साम्राज्य असताना, गोव्यातल्या एका गावात राहून, हाती गिटार घेऊन आणि तेही इंग्रजी गीतांच्या बळावर ती रीत चालवणे हे मोठे धाडस होते. उर्वरित देश त्यांना 'हम्मा हम्मा'चे गायक म्हणून ओळखतो. त्यांची खरी कामगिरी मात्र त्याआधीची आहे.

जडणघडण

रेमो यांचा जन्म ८ मे १९५३ रोजी पणजी येथे झाला. त्यावेळी गोव्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यांचे कुटुंब बार्देश तालुक्यातील शिवोलीचे. शापोरा नदीकाठचे हे गाव सांजावच्या दिवशी, २४ जूनला, निघणाऱ्या होड्यांच्या मिरवणुकीसाठी प्रसिद्ध आहे. पोर्तुगीज गीते, कोकणी मांडो आणि चर्चमधील संगीत यांचे संस्कार गोव्याच्या वातावरणातच होते. त्यात सातव्या वर्षी लंडनहून आलेल्या एका नातलगाने बिल हेली यांची 'रॉक अराउंड द क्लॉक' ही ध्वनिमुद्रिका आणली आणि रॉक संगीताचे दार उघडले. शाळेत असतानाच मित्रांसह त्यांचे वाद्यवृंद सुरू झाले.

पुढे मुंबईच्या सर जे. जे. वास्तुकला महाविद्यालयातून त्यांनी वास्तुशास्त्राची पदवी घेतली. याच काळात 'द सॅव्हेजेस' या मुंबईतील नावाजलेल्या बँडमध्येही ते होते. गिटारबरोबरच बासरीवरही त्यांचा हात बसला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी युरोप आणि उत्तर आफ्रिकेत मिळेल त्या वाहनाने भटकंती केली. वास्तुशास्त्राचा व्यवसाय किंवा परदेशातील वास्तव्य हे दोन्ही मार्ग खुले होते. त्यांनी दोन्ही सोडले आणि ते शिवोलीला परतले.

घरचा स्टुडिओ, स्कूटरवरची विक्री

गोमंतकीय वादकांचे हिंदी चित्रपटसंगीतावर मोठे ऋण आहे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट यांच्यासारख्या वादक-संयोजकांनी असंख्य गाण्यांना रूप दिले. पण त्यांची नावे बहुधा पडद्याआडच राहिली. कोकणीत ख्रिस पेरी यांच्या चाली आणि लोर्ना यांचा आवाज घरोघरी पोहोचला होता, तोही प्रामुख्याने कोकणी श्रोत्यांपुरता. आपल्या नावाने, आपल्या शब्दांत गाणारा गोमंतकीय देशभर ऐकला जाईल, असे कोणाला वाटत नव्हते. कॅसेट कंपन्यांनाही तसे वाटले नाही.

त्यामुळे रेमो यांनी घरातच चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ध्वनिमुद्रण केले. एकेक वाद्य वाजवून ते एकावर एक बसवले आणि सर्व आवाजही स्वतःच दिले. १९८४ साली आलेल्या 'गोअन क्रेझी' या संग्रहाच्या कॅसेट पिवळ्या स्कूटरवर लादून ते दुकानोदुकानी पोहोचवत. पाठोपाठ जुन्या गोमंतकीय गाण्यांना नवे रूप देणारा 'ओल्ड गोअन गोल्ड' (१९८५), अमली पदार्थांविरुद्धचा 'पॅक दॅट स्मॅक' (१९८६) आणि 'बॉम्बे सिटी' (१९८७) हे संग्रह आले. टेलिफोनच्या भोंगळ कारभाराची खिल्ली उडवणाऱ्या 'ओड टू ग्रॅहम बेल'सारख्या गाण्यांतून श्रोत्यांना रोजचेच अनुभव भेटले. भाषा इंग्रजी असली तरी विषय आणि विनोद गोव्याच्या मातीतले होते.

पंतप्रधानांसमोर

१९८६ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी गोवा भेटीवर आले असता रेमो यांना गाण्यासाठी निमंत्रण मिळाले. औपचारिक स्वागतगीताऐवजी त्यांनी 'हॅलो राजीव गांधी' या गीतातून गोव्याचे प्रश्न थेट पंतप्रधानांपुढे मांडले. यावर एका स्थानिक वृत्तपत्राने टीकेची झोड उठवून माफीची मागणी केली. रेमो यांनी ते कात्रण आणि गीतांचे शब्द थेट पंतप्रधानांकडे पाठवले. आपण व आपल्या पत्नीने कार्यक्रमाचा आनंद घेतला, असे उत्तर आले आणि वादावर पडदा पडला. सत्तेला तोंडावर गाऊन सांगण्याची ही वृत्ती १९९२ च्या 'पॉलिटिशियन्स डोन्ट नो टू रॉक अँड रोल' या संग्रहातही दिसते.

चित्रपटाचे वलय

श्याम बेनेगल यांच्या 'त्रिकाल' (१९८५) या गोव्याच्या पार्श्वभूमीवरील चित्रपटात त्यांचा आवाज होता. १९८७ च्या 'जलवा'च्या शीर्षकगीताने तो देशभर गेला. १९९५ साली मणिरत्नम यांच्या 'बॉम्बे'च्या हिंदी आवृत्तीसाठी ए. आर. रेहमान यांनी त्यांच्याकडून 'हम्मा हम्मा' गाऊन घेतले. त्यानंतर 'खामोशी' (१९९६) आणि 'प्यार तो होना ही था' (१९९८) या चित्रपटांतील गाणी गाजली. 'ओ मेरी मुन्नी' हा हिंदी पॉप संग्रहही १९९८ मधलाच. हिंदी उच्चारांतला गोमंतकीय हेल त्यांनी दडवला नाही. तोच त्यांच्या आवाजाची ओळख बनला.

मात्र या यशाला दुसरी बाजूही होती. चित्रपटात शब्द आणि चाल बहुधा इतरांची असे, आणि श्रोत्यांच्या स्मरणात तीच गाणी राहिली. ज्या गीतांसाठी रेमो यांनी पदवी बाजूला ठेवली, ती गोव्याबाहेर तुलनेने कमी लोकांपर्यंत पोहोचली.

उत्तरकाळ

२००७ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' किताबाने गौरवले. पुढे त्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व स्वीकारले. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगालचा कायदा हा हक्क देतो व अनेक गोमंतकीयांनी तो बजावला आहे. तरी रेमो यांच्या निर्णयावर गोव्यात बरीच चर्चा झाली. २०२१ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले.

आज संगणकावर घरबसल्या ध्वनिमुद्रण करून ते जगभर पोहोचवणे कोणालाही शक्य आहे. अशा सोयी नसताना, मुंबईच्या स्टुडिओची आणि कंपनीच्या होकाराची वाट न पाहता स्वतःच्या गावातून स्वतःचे गाणे काढता येते, हे रेमो यांनी चार दशकांपूर्वी दाखवून दिले. स्वतंत्र संगीत करू पाहणाऱ्या पुढच्या पिढ्यांसाठी तो भक्कम आधार ठरला.