पडत्या काळातील पुडी आणि वही

इतिहास म्हटला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राजेरजवाडे उभे राहतात. शाळेच्या पुस्तकात तेच असते आणि परीक्षेतही तेच विचारतात. परंतु आज मी ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे, तो कोणत्या रणांगणावर घडला नाही. तो गावच्या किराणा दुकानाच्या फळीवर घडला. एका बाजूला सुंठ, ओवा, हिरड्याची पुडी आणि दुसऱ्या बाजूला उधारीची वही, एवढेच त्याचे साहित्य. पडत्या काळात लहान दुकानदार कसा वागला, आणि गावठी औषधांचा त्यात काय वाटा होता, हे आपल्या भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने आपण पाहू.

आरंभ मात्र जरा दूरच्या एका दुकानापासून करतो. ते दुकान देहूचे. तुकाराम महाराजांना आपण संत म्हणून ओळखतो, पण त्यांच्या घराण्यात महाजनकी होती, वाणसौद्याचा धंदा होता आणि देवघेवही होती, हे विसरून चालणार नाही. 1630 ते 1632 च्या सुमारास दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. त्यात महाराजांचा व्यापार बुडाला आणि घरातील माणसेही गेली. पुढे त्यांनी लोकांकडील कर्जखते काढली, निम्मी धाकट्या भावाला त्याचा वाटा म्हणून दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. या गोष्टीकडे आपण वैराग्याची गोष्ट म्हणून पाहतो. परंतु ज्या कुळांची ती खते होती, त्यांच्या बाजूने पाहा. दुष्काळातून जेमतेम जीव वाचलेल्या माणसाच्या डोक्यावरचे ओझे त्या दिवशी उतरले. भावाचा वाटा भावाला देऊन मग आपला सोडला, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दुसऱ्याच्या पैशावर केलेला उदारपणा हा खरा उदारपणा नव्हे.

आता आपल्या भागाकडे येऊ. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. आज गोंदिया वेगळा जिल्हा आहे, पण 1 मे 1999 पर्यंत तो भंडाऱ्याचाच भाग होता. म्हणून जुना भंडारा म्हणताना दोन्ही धरायचे. कोहळी समाजाच्या माणसांनी येथे जागोजाग तलाव बांधले आणि त्या पाण्यावर धान पिकवले. तरी धान हे मोठे नाजूक पीक. शेवटचा पाऊस चुकला की लोंबीत दाणा भरत नाही. 1896 साली नेमके तसेच झाले; पाऊस लवकर उघडला आणि उभे धान वाळले. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच 1899 साली पावसाने पुरताच दगा दिला. या दोन दुष्काळांनी काय केले ते खानेसुमारीचे आकडे सांगतात. 1891 साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 7 लाख 43 हजार होती. 1901 साली ती सुमारे 6 लाख 63 हजार भरली. वाढायची ती 80 हजारांनी घटली.

अशा वेळी घरातले आधी काय जाते? आधी दागिना जातो, मग भांडी जातात. भंडारा हे गाव पितळी भांड्यांसाठी नावाजलेले. गावाचे नावच 'भाणा' म्हणजे पितळी ताट या शब्दावरून आले असे जुन्या गॅझेटिअरमध्ये म्हटले आहे. त्या गावच्या मुलखातही पडत्या काळात ताटे आणि लोटे गहाण पडायचे. भांडी संपली की मग उरते ती फक्त पत. आणि गरिबाची पत जाणणारा माणूस एकच, तो म्हणजे गावचा दुकानदार.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. सावकार आणि लहान दुकानदार यांत फरक होता. सावकाराची नजर जमिनीवर असे. धानाचे कर्ज सवाई-दिढीने चाले, म्हणजे एक खंडी नेली तर सुगीला सव्वा खंडी, नाही तर दीड खंडी परत करायची. एका वर्षी फेड चुकली की पुढच्या वर्षी व्याजावर व्याज, आणि शेवटी बांधासकट शेत जायचे. लहान दुकानदाराकडे मोठे भांडवल नव्हतेच. त्याची उधारी मीठ, मिरची, तेल, गूळ आणि औषधाच्या पुडीची. गिऱ्हाईक मेले तर त्याचे दुकानही मेले. म्हणून तो थांबत असे. "घेऊन जा बा, धान निंघाल्यावर देजो," हे आपल्याकडचे बोलणे अशा दुकानांवरचेच.

कोणी म्हणेल, यात उदारपणा कसला? गिऱ्हाईक टिकवणे हा तर त्याचाच स्वार्थ. म्हणणे अगदी चूक नाही. परंतु त्या काळी एक नवी गोष्ट घडली होती. 1880 नंतर नागपूरकडून पूर्वेला आगगाडी आपल्या जिल्ह्यातून गेली. पूर्वी गावात दुष्काळ पडला तर दुकानातले पोतेभर धान्य दूर विकायला जाणे अवघड होते. आता तेच पोते स्टेशनावर नेले की चढ्या भावाने रोख पैसे मिळत. म्हणजे दुकानदारापुढे दोन वाटा होत्या. एक, माल गाडीवर चढवून रोकड घेणे. दुसरी, तोच माल शेजाऱ्याला पायली-पायलीने देऊन वहीत लिहून ठेवणे, आणि तो शेजारी सुगीपर्यंत जगेल की नाही हेही ठाऊक नसणे. जो दुसरी वाट धरी, तो चढा भाव सोडत होता. तो सोडलेला भाव म्हणजेच त्याचा उदारपणा. दान म्हणून त्याची पावती कोणी दिली नाही. वहीत ती न वसूल झालेली एक ओळ म्हणून राहिली.

आता औषधाच्या पुडीकडे वळू. पडत्या काळात अन्नाच्या पाठोपाठ आजार येतो. उपाशी पोटी माणूस वाटेल ते खातो, आटलेल्या विहिरीचे गढूळ पाणी पितो, आणि हगवण, पटकी, ताप घरात शिरतात. 1900 साल हे हिंदुस्थानात पटकीच्या मोठ्या प्राणहानीचे साल ठरले. सरकारी दवाखाना तालुक्याच्या गावी. आजाऱ्याला बैलगाडीत घालून नेईपर्यंत वेळ निघून जाई. मग आधार कोणाचा? गावच्या वैद्याचा, सुईणीचा आणि दुकानातल्या पुडीचा.

या पुडीतला बराचसा माल आपल्या रानातूनच येत होता. हिरडा, बेहडा, आवळा ही त्रिफळाची तीन फळे, शिवाय बिब्बा, मध, डिंक, चारोळी. गोंड आणि इतर रानाकडची माणसे हा माल आठवड्याच्या बाजारी आणत आणि मीठ, कापड घेऊन जात. हिरड्याला तर विलायतेत कातडे कमावण्यासाठी मोठी मागणी होती. आजी बाळघुटीसाठी जो हिरडा सहाणेवर उगाळी, तोच पोत्यांनी मुंबईच्या बंदरातून परदेशी जात असे. तरी औषधापुरता हिरडा गावात स्वस्तच राहिला, कारण तो रानात वेचून मिळत होता. वैद्यही ठरावीक फी घेत नसे. रोगी बरा झाला तर शिधा, नारळ, सुगीला पायलीभर धान. औषध विकून पोट भरू नये, ही समजूत आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांपासून चालत आलेली. चरकसंहितेने तर वैद्यकाचा बाजार मांडणाऱ्याला नावे ठेवली आहेत आणि भूतदया हा वैद्याचा मोठा धर्म मानला आहे.

मात्र, श्रोतेहो, इतिहास सांगताना एकच बाजू सांगणे बरे नव्हे. रानातून माल आणणाऱ्याच्या हातावर चिमूटभर मीठ ठेवून शेरभर चारोळी घेणारे दुकानदारही होतेच. तसेच, गावठी औषधांची शक्ती मर्यादित होती. ओवा आणि सुंठ पोटदुखीला आराम देतील, पण पटकी थोपवणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. आणखी एक मोठा दोष होता. "औषध सांगितले तर त्याचा गुण जातो," या समजुतीने अनेकांनी आपली विद्या मुलालासुद्धा सांगितली नाही. पैशाच्या बाबतीत उदार असणारा वैद्य ज्ञानाच्या बाबतीत कंजूष असू शकतो, हे त्यावरून दिसते.

ही कोंडी फोडणाऱ्यांत शंकर दाजीशास्त्री पदे यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. 1867 साली जन्मलेल्या या वैद्याने 'आर्यभिषक्' हा ग्रंथ मराठीत लिहिला आणि वनस्पतींचे गुण व घरगुती उपाय सामान्य वाचकापुढे उघडे केले. 1907 साली नाशिकला वैद्यांचे संमेलन भरवून त्यांनी अखिल भारतीय संघटनेचा पाया घातला. 1909 साली ते वारले. आयुष्य अवघे 42 वर्षांचे. त्यांच्या आधी, 1872 साली, पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर कारखाना सुरू करून तयार आयुर्वेदीय औषधांची वाट पाडली होती. सरकारनेही पुडीची युक्ती उचलली. बंगालमध्ये 1892 पासून हिवतापावरचे कोयनेल टपाल कचेरीतून एका पैशाच्या पुडीत मिळू लागले, आणि पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही गेली. गरिबाला परवडेल एवढे लहान माप करणे हे आमचा किराणा दुकानदार पिढ्यान् पिढ्या करीत आला होता. सरकारला ते उशिरा सुचले.

1918 साली दोन्ही संकटे पुन्हा एकदम आली. पहिल्या महायुद्धाने महागाई झालेली, पावसाने ओढ दिलेली, आणि त्यातच इन्फ्लुएंझाची साथ. सबंध हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या वर माणसे त्यात दगावली असावीत, आणि आपला मध्यप्रांत हा सर्वांत जास्त फटका बसलेल्या प्रांतांपैकी एक होता. या रोगावर त्या वेळी वैद्याकडे उपाय नव्हता आणि डॉक्टरकडेही नव्हता. अख्खे घर तापाने पडले असता कोणी पेज करून दारात ठेवणे, पाणी भरून देणे, हेच खरे औषध होते. पेजेला कमी लेखू नका. मीठ घातलेली तांदळाची पेज ही आपल्या भागात आजाऱ्याचे अन्न म्हणून जुनी. 1971 साली बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीचे असंख्य रोगी वाचवले. पुढे 1980 नंतर ढाक्याच्या संशोधकांनी साखरेऐवजी तांदळाचे पीठ घालूनही तसे द्रावण गुणकारी ठरते असे दाखवले. म्हणून आपली पेज म्हणजे शास्त्रशुद्ध औषधच, असे नव्हे. माप चुकले तर उपयोग होत नाही. पण आमच्या आया-आज्यांची वाट अगदीच भलतीकडे जात नव्हती, एवढे खरे.

एकट्या दुकानदाराच्या चांगुलपणावर सबंध गाव तरू शकत नाही, हा या साऱ्याचा दुसरा धडा. कारण उदार दुकानदारही बुडे. दोन साले लागोपाठ पडली की त्याची वही भरे आणि गल्ला रिकामा होई. 1901 च्या दुष्काळ आयोगाने शेतकऱ्यासाठी सहकारी पतपेढ्यांची गरज सांगितली आणि 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. मध्यप्रांतात 1933 साली कर्ज-तडजोडीचा कायदा आला. तुकाराम महाराजांनी जे एकट्याने केले, ते काही अंशी कायद्याने करण्याचा हा प्रयत्न होता. उदारपणाला व्यवस्थेची जोड मिळाली तरच तो टिकतो.

आणि हा केवळ जुन्या काळचा मामला नाही. 2020 च्या मार्च महिन्यात टाळेबंदी लागली, तेव्हा आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या हमरस्त्याने छत्तीसगडकडे पायी निघालेले मजूर आपण पाहिले. त्या वेळी मोठी दुकाने बंद आणि गल्लीतला किराणावाला मात्र उधारीवर पीठ-मीठ देत होता, हा अनुभव गावोगावच्या लोकांना आहे. सुंठ, मिरी, गुळवेल यांच्या काढ्याची आठवणही घरोघर झाली. काढ्याने घशाला आराम पडला असेल. साथ आटोक्यात यायला लस लागली. दोहोंचे माप ज्याचे त्याला द्यावे.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावातल्या जुन्या दुकानांत, वैद्यांच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्या अजून असतील. घर पाडताना त्या रद्दीत जातात, नाही तर चुलीत. मुलांना घेऊन त्या पाहायला जा. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारा म्हातारा शोधा. कोणत्या साली उधारी फुगली, कोणत्या साली औषधांचा खप वाढला, कोणत्या खात्यावर पुढे काहीच जमा झाले नाही, हे मुलांना स्वतः काढू द्या. नावे जाहीर करण्याचे कारण नाही. कोणाच्या आजोबांचे देणे राहिले हे चारचौघांत सांगू नये. पण साल आणि आकडे जरूर टिपून ठेवा. राजांचे ताम्रपट जपणारे पुष्कळ आहेत. गरिबाला कोणी, कधी, किती सांभाळून घेतले याचा पुरावा मात्र त्या वहीखेरीज कोठेही नाही.