अल्पसैन्य लढत (संगणकीय युद्धखेळ)

संगणकावरील मध्ययुगीन युद्धखेळांत शत्रूच्या दुप्पट-तिप्पट फौजेशी मोजक्या तुकड्यांनिशी दिलेली मोठी लढाई. तिचा खरा कस लागतो तो क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीच्या ‘मेडिव्हल टू : टोटल वॉर’ (2006) या खेळात.

लढतीचे तंत्र : एका सेनेत जास्तीत जास्त 20 तुकड्या मावतात. मोंगोल आणि नंतर तैमुरी पूर्वेकडून उतरतात ते अशा भरगच्च सेना एकामागून एक घेऊन. प्रत्येक तुकडीचे मनोधैर्य खेळ सतत मोजत असतो. ते खचले की बरेच सैनिक शिल्लक असतानाही तुकडी पळत सुटते आणि शेजारच्यांचाही धीर सुटतो. त्यामुळे कत्तलीपेक्षा पळ काढायला लावण्यावर सारी मदार असते. पहिला निर्णय जागेचा, टेकडीचा माथा किंवा पुलाचे तोंड. पुलावर शत्रूची संख्या कुचकामी ठरते; भालाईत तोंडाशी अर्धवर्तुळात, तिरंदाज त्यांच्या मागे. पेटत्या बाणांचा नेम कमी, धाक जास्त. तैमुरींचे हत्ती बिथरले तर स्वतःच्याच फौजेला तुडवतात. घोडदळ अखेरपर्यंत राखून पिछाडीवर सोडावे. रांग जुळण्याआधी किंवा फार जवळून हुकूम दिला तर स्वारांचे भाले आडवे होत नाहीत आणि धडक वाया जाते. धडकेनंतर घोडे गुंतू न देता मागे घेऊन पुन्हा सोडावे लागतात. नवखा खेळाडू हरतो तो बहुधा इथेच.

‘एज ऑफ एम्पायर्स टू’ (1999) : मध्ययुगावरच्याच या खेळात मात्र रणांगणापेक्षा शेती, लाकूड व सोने यांचा वेग निर्णायक.

मराठी संदर्भ : ‘एम्पायर : टोटल वॉर’मध्ये (2009) मराठ्यांच्या बाजूने खेळता येते, पण त्यातला काळ अठराव्या शतकाचा, म्हणजे शिवकालानंतरचा. अल्पसैन्य लढतीच्या तंत्राचा सर्वांत नेमका ऐतिहासिक दाखला उंबरखिंडीच्या लढाईचा (फेब्रुवारी 1661). शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची मोठी फौज अरुंद, रानाच्या वाटेत कोंडली; खानाने शरण येऊन खंडणी देऊन सुटका करून घेतली. ‘मेडिव्हल टू’मध्ये कैद्यांच्या सुटकेसाठी खंडणी मागता येते, मात्र वेढल्या गेलेल्या फौजेने शरण येऊन वाट मागण्याची सोय नाही.

मुंबईतील कांदिवली परिसर : लगतच्या बोरिवलीतील एकसरच्या वीरगळांवर जमिनीवरील व समुद्रावरील लढाया कोरल्या आहेत, वल्ह्यांच्या नौकांच्या रांगा त्यांत स्पष्ट दिसतात. काही अभ्यासक त्यांचा संबंध यादव महादेव व शिलाहार सोमेश्वर यांच्या तेराव्या शतकातील संघर्षाशी जोडतात, काही त्यांना अधिक जुने मानतात. ‘मेडिव्हल टू’मध्ये आरमारी लढाई खेळाडूला स्वतः लढता येत नाही, निकाल संगणकच काढतो, त्यामुळे हा प्रसंग त्यात उभा करता येत नाही.