गठ्ठा मते आणि मोजणीचा नियम

‘गठ्ठा मते’ हा शब्द आपल्या कानांना नवा नाही. निवडणूक आली की तो आपल्या नावाला चिकटवला जातो. ती मते कुठे पडतात आणि कोणत्या मापाने मोजली जातात, याची चौकशी मात्र फारसे कोणी करीत नाही. अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरींचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात. तिकडे राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार पक्षाचे सामान्य मतदार राज्याराज्यांत मतदान करून ठरवतात. या मतांवरून अधिवेशनाला जाणारे प्रतिनिधी ठरतात आणि प्रतिनिधींचे बहुमत ज्याच्याकडे, उमेदवारी त्याची. म्हणजे मत आणि उमेदवारी यांच्यामध्ये एक नियम उभा असतो.

१९८४ साली मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी जेसी जॅक्सन या शर्यतीत उतरले. कृष्णवर्णीय समाज एकगठ्ठा त्यांच्या मागे गेला, असे समजण्याचे कारण नाही. डेट्रॉइटचे महापौर कोलमन यंग स्वतः कृष्णवर्णीय, पण ते वॉल्टर मॉन्डेल यांच्या बाजूने होते. तरी जॅक्सन यांना सुमारे १८ टक्के मते पडली. प्रतिनिधी त्या मानाने बरेच कमी मिळाले. अनेक ठिकाणी २० टक्क्यांच्या आत राहिलेल्याला काहीच मिळत नसे, तर काही राज्यांत मतदारसंघ जिंकणारा तिथले सारे प्रतिनिधी घेऊन जाई. जॅक्सन यांनी ही तक्रार लावून धरली आणि पुढच्या खेपेला ही अट १५ टक्क्यांवर आली.

१९८८ ची हकीगत तर गमतीची आहे. मवाळ, दाक्षिणात्य उमेदवाराला बळ मिळावे म्हणून दक्षिणेतील पुढाऱ्यांनी बहुतेक दक्षिणी राज्यांचे मतदान ८ मार्च या एकाच दिवशी घडवून आणले. झाले भलतेच. गोऱ्यांची मते अल गोर, मायकेल डुकाकिस आणि इतरांत वाटली गेली, कृष्णवर्णीयांची एकवटली, आणि अलाबामा, जॉर्जिया, लुइझियाना, मिसिसिपी व व्हर्जिनिया ही पाच राज्ये जॅक्सन यांनी जिंकली. त्याच महिन्यात मिशिगनही त्यांनी मोठ्या फरकाने घेतले. डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्नमधील अरब वस्तीने त्यांना भरभरून मते दिली होती.

उमेदवारी अखेर डुकाकिस यांना मिळाली. पण हरता हरता जॅक्सन यांनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली : १९९२ पासून प्रत्येक राज्यात प्रतिनिधी मतांच्या प्रमाणातच वाटायचे.

त्या वाटणीचे फळ मिळाले वीस वर्षांनी, बराक ओबामा यांना. २००७ मध्ये कृष्णवर्णीय मतदारांतही हिलरी क्लिंटन यांचे वजन मोठे होते. जानेवारी २००८ मध्ये बहुसंख्य गोऱ्यांच्या आयोवाने ओबामांना कौल दिला, तेव्हा हा माणूस जिंकू शकतो अशी खात्री पटली. त्याच महिन्यात साउथ कॅरोलायनात दर चार कृष्णवर्णीय मतदारांपैकी तिघांहून अधिक त्यांच्याकडे गेले.

क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, ओहायो, पेनसिल्व्हेनिया अशी मोठी राज्ये जिंकली. पण प्रमाणाच्या नियमामुळे तिथेही ओबामा रिकाम्या हाताने परतले नाहीत. टेक्सासचे उदाहरण बोलके आहे. तिथे मते क्लिंटन यांना जास्त पडली, प्रतिनिधी मात्र ओबामांना ९९ आणि त्यांना ९४. एक तर तिथे प्रायमरीच्या जोडीला कॉकसच्या सभाही होत्या आणि त्यांत ओबामांची सरशी झाली. दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. मागील निवडणुकांत पक्षाला जिथे जास्त मते पडली होती, त्या मतदारसंघांना जास्त प्रतिनिधी होते. ऑस्टिनच्या एका मतदारसंघाला ८, ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीयबहुल भागाला ७ आणि सीमेलगतच्या मेक्सिकन वंशीयांच्या मतदारसंघांना जेमतेम तीन-चार. त्यातही चार जागा असल्या की साठ टक्के मते मिळवूनही वाटणी दोन-दोनच. तिसरी जागा हवी तर साडेबासष्ट टक्के लागतात! सीमेवरचे मतदार क्लिंटन यांच्या बाजूने ठाम उभे राहिले, पण आधीच्या निवडणुकांत घरी बसलेल्यांची किंमत त्यांना त्या दिवशी मोजावी लागली.

आता पुन्हा मिशिगन. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी जो बायडेन यांच्यापुढे तगडा प्रतिस्पर्धी नव्हता. गाझातील युद्धाबाबतच्या त्यांच्या धोरणाचा निषेध म्हणून एक लाखाहून अधिक मतदारांनी ‘कोणालाही बांधील नाही’ या रकान्यावर खूण केली. डिअरबॉर्नमध्ये अशी मते निम्म्याहून जास्त होती. राज्यभरात हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १५ च्या अटीखाली राहिले. फक्त दोन मतदारसंघांत ते वर गेले आणि राज्याच्या ११७ पैकी २ प्रतिनिधी निवडून आले. देशभरातून असे तीसएक जमले.

१९८८ च्या अटलांटा अधिवेशनात जॅक्सन यांच्याकडे हजाराहून अधिक प्रतिनिधी होते. त्या बळावर पॅलेस्टाईनचा प्रश्न व्यासपीठावर चर्चेला आला आणि अरब-अमेरिकन नेते जेम्स झॉग्बी यांनी तो मांडला. ठराव मतदानाला न टाकताच मागे घेतला गेला, पण बोलणे झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये शिकागोला त्या तीसएक प्रतिनिधींनी एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्यासाठी वेळ मागितली. ती नाकारली गेली, आणि त्यांच्यापैकी काहींनी ती रात्र सभागृहाबाहेर फुटपाथवर बसून काढली.